धावपट्टी संपते तिथून पुढे

रत्नागिरीच्या विमानतळाविषयी सध्या दोनच प्रश्न विचारले जातात. विमान कधी सुरू होणार आणि मुंबईचे तिकीट किती पडणार. मिरजोळ्याच्या सड्यावरची ही धावपट्टी रत्नागिरीकरांनी वर्षानुवर्षे कुंपणाबाहेरून पाहिली आहे. तिथून तटरक्षक दलाची विमाने आणि हेलिकॉप्टरे उडतात. आता प्रवासी इमारतीचे काम, जमिनीचे संपादन, मोबदल्याचा दर हे विषय चहाच्या टपरीपासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत चघळले जातात. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि आमच्या मते तोच आधी विचारायला हवा. धावपट्टी जिथे संपते त्याच्या पुढच्या दोन-तीन किलोमीटरांत आज काय आहे, आणि दहा वर्षांनी काय असेल?

हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत मोजून ऐकला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे आयसी ४९१ हे बोइंग ७३७ मुंबईकडे निघाले. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेल्या त्या विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. भरलेले विमान धावपट्टीच्या जवळजवळ शेवटच्या टोकाला जमीन सोडून वर उठले. टोकापासून अवघ्या ४१० फुटांवर बीडचा रस्ता आडवा जात होता आणि त्या घटकेला त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. रस्त्यापासून ही धडक झाली ती उंची होती सुमारे सात फूट. जखमी विमान तसेच पुढे रेटत गेले, तीनेक किलोमीटरांवर उच्चदाबाच्या वीजतारांत सापडले आणि शेतात कोसळले. ५५ माणसे गेली, ६३ वाचली.

या अपघाताच्या चौकशीने दोन कारणे नोंदवली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा उचलले आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. दुसरे कारण लोकांच्या आठवणीत राहिले नाही, पण अहवालात ते पहिल्याच्या शेजारी आहे: उड्डाणांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात तेव्हाचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले. वैमानिकाची चूक झाली, हे मान्य. माणूस चुकतो आणि हवाई वाहतुकीची सगळी व्यवस्था तो चुकणार हे धरूनच आखलेली असते. पण त्या चुकीच्या समोर ट्रक येऊ द्यायचा की नाही, हे वैमानिकाच्या हातात नव्हते. ते जमिनीवर बसलेल्या माणसांच्या हातात होते. रेल्वेच्या फाटकासारखे एक फाटक आणि ते मिनिटभर बंद ठेवणारा एक माणूस, एवढ्याने ती धडक टळली असती.

उड्डाण हा विमानाच्या प्रवासातला सगळ्यात अडचणीचा काळ असतो, त्याची कारणे साधी आहेत. टाक्या भरलेल्या असतात, वजन सर्वांत जास्त असते, इंजिने पूर्ण ताकदीने चालत असतात आणि हाताशी उंचीही नसते, वेगही नसतो. उंचावर इंजिन बंद पडले तर वैमानिकाला विचार करायला काही मिनिटे मिळतात. शंभर मीटरवर बंद पडले तर काही सेकंद. त्यात उन्हाळ्याची भर पडते. तापलेली हवा विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते. कोकणात याला दमटपणाची जोड मिळते. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे घामट दुपारी हवा आणखी विरळ होते. मे महिन्यात आंबा पाठवण्याची आणि चाकरमान्यांच्या येण्याची घाई असते. रत्नागिरीचे विमान नेमके त्याच दिवसांत भरून उडेल.

लहान विमानांच्या बाबतीत तर हिशेब आणखी कठोर आहे. एका इंजिनाच्या शिकाऊ विमानात बसलेल्या मुलामुलींना पहिल्या काही धड्यांतच एक नियम घोटून घेतला जातो. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले तर मागे वळायचे नाही. नाक खाली घ्यायचे, वेग राखायचा आणि समोर जी मोकळी जागा दिसेल तिथे उतरायचे. सुटलेली धावपट्टी मागे अगदी जवळ भासते आणि परत वळण्याचा मोह प्रचंड असतो. पण विमान वळणात झुकले की त्याला हवेत राहायला जास्त वेग लागतो. ४५ अंश झुकले तर सुमारे १९ टक्के जास्त, ६० अंश झुकले तर ४१ टक्के जास्त. इंजिन बंद असताना तो वेग आणायचा कुठून? म्हणून विमान पंखावर कलंडून कोसळते, आणि त्या उंचीवरून सावरायला वाव नसतो. जगभरच्या उड्डाणशाळांनी हा धडा मृतदेह मोजून शिकलेला आहे.

आता हा नियम जमिनीवरून पाहा. वैमानिकाला समोरच उतरायचे आहे, म्हणजे समोर मोकळी जागा असली पाहिजे. ती असणे वा नसणे त्याच्या कौशल्यावर अवलंबून नाही. ते तहसील कार्यालय, ग्रामपंचायत, नगरपरिषद, महावितरण आणि प्लॉट पाडून विकणारे यांच्यावर अवलंबून आहे.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्याने याचा अनुभव घेतला आहे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटी उडालेली एक शिकाऊ वैमानिक इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात विमानासह कोसळली आणि किरकोळ जखमांवर वाचली. खाली शेत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांत, त्याच परिसरात आणखी दोन शिकाऊ विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती दोन्ही विमाने चालवणाऱ्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. तिथे संस्थेच्या देखभालीचा आणि शिकवण्याचा प्रश्न आहेच, आणि त्याची चौकशी कडकच व्हायला हवी. पण खाली माळरान आणि शेते होती, हेही विसरता येणार नाही. याच्या उलट चित्र मुंबईने पाहिले. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर जातीचे छोटे विमान घाटकोपरच्या दाट वस्तीत एका बांधकामाच्या जागेवर कोसळले. विमानातले चौघे गेले आणि रस्त्याने चाललेला एक माणूस गेला. त्या पाचव्या माणसाने तिकीट काढले नव्हते, विमानाशी त्याचा काही संबंध नव्हता. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या, कामाला येणाऱ्या, वाटेने जाणाऱ्या माणसाचे रक्षण हा या विषयाचा गाभा आहे असे आम्ही मानतो.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत तेच झाले, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. एअर इंडियाचे लंडनला निघालेले १७१ क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर सुमारे अर्ध्या मिनिटात खाली आले आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर आदळले. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण गेले. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा उड्डाणानंतर लगेच तुटला, एवढे प्राथमिक अहवालाने सांगितले. त्या विमानाचे भवितव्य समोर मोकळे मैदान असते तर बदलले असते, असा दावा आम्ही करणार नाही. पण वसतिगृहात जेवायला बसलेली मुले त्या मैदानात नसती.

उलट उदाहरणही याच जगात आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. मागे वळून धावपट्टी गाठता येणार नाही हे ओळखून वैमानिकाने ते हडसन नदीत उतरवले आणि १५५ जणांपैकी प्रत्येक जण वाचला. वैमानिकाचे कौतुक योग्यच झाले, पण उतरायला नदी होती म्हणून त्या कौशल्याला वाव मिळाला.

हे सगळे रत्नागिरीत आणून पाहू. आपला विमानतळ सड्यावर आहे. सड्याचा एक फायदा असा की कातळावर दाट झाडी आणि वस्ती मुळातच कमी असते, आणि जिथे सडा उतरून खाली वाडी लागते तिथली घरे धावपट्टीच्या पातळीखाली राहतात. पण त्याच सड्याच्या कडेला एक धोकाही आहे. उड्डाण अर्ध्यावर सोडून विमान थांबवावे लागले आणि ते धावपट्टीबाहेर घसरले, तर पुढे सपाट जमीन किती आहे याला महत्त्व येते. मंगळूर येथे २०१० मध्ये १५८ आणि कोळिकोड येथे २०२० मध्ये २१ माणसे गेली, ती विमाने उतरताना धावपट्टी संपल्यावर खाली गेली होती. कोळिकोडच्या विमानाचे कप्तान दीपक साठे महाराष्ट्राला आठवत असतील. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे किमान ९० मीटर सुरक्षित जागा लागते. शिफारस मात्र २४० मीटरची आहे. रत्नागिरीत किमान मापावर समाधान मानू नये. डोंगराळ प्रदेशात, कोकणच्या पावसात, ओल्या धावपट्टीवर विमान थांबायला जास्त अंतर लागते. पावसाळ्याचे हे दुखणे जुने आहे. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची-जुहू टपालसेवा सुरू केली, पण जुहूचे मैदान पाण्याखाली जाई म्हणून पावसाळ्यात त्यांना पुण्याला मुक्काम हलवावा लागे.

आता झाडांचे बघा. बाराशे मीटरपेक्षा लांब धावपट्टीसाठी उड्डाणाच्या दिशेने जी मोकळी वाट राखायची असते ती दर पन्नास मीटरला एक मीटर अशी चढत जाते आणि बाजूंना पसरत जाते. हिशेब सोपा आहे. ही वाट जिथून सुरू होते तिथून पाचशे मीटरवर दहा मीटर, एक किलोमीटरवर वीस मीटर. धावपट्टीच्याच पातळीच्या जमिनीवर वाढलेला पुरा माड वीस मीटर सहज गाठतो. हापूसचे जुने कलमही, छाटले नाही तर, दहा मीटरच्या पुढे जाते. सुरुंग लावून, कातळात खड्डे घेऊन, बाहेरून माती आणून कोकणातल्या माणसाने सड्यावर आमराया उभ्या केल्या आहेत. त्या त्याच्या आयुष्याच्या कष्टाच्या आहेत. तिथे एखाद्या सकाळी माणसे येऊन शेंडे तोडा म्हणाली तर तो भांडेल, आणि त्याचे भांडणे रास्त असेल. म्हणून हे आजच मोजून, सांगून, लिहून ठेवायला हवे. कोणत्या गटातले झाड किती उंच वाढू शकते, त्याची छाटणी कोण करणार, उत्पन्न बुडाले तर भरपाई कोण देणार.

वीजतारांचा प्रश्न झाडांपेक्षा वाईट आहे, कारण तार वैमानिकाला दिसतच नाही. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन हेलिकॉप्टर उठले आणि उठताच खाली येऊन तारांत अडकून कोसळले. सगळे वाचले. मुख्यमंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी आधी पाहणी केलेल्या जागेजवळही तार होती. मिरजोळ्याला औद्योगिक वसाहत लागून आहे. वसाहत म्हटली की वीजवाहिन्या आल्या, मोबाइलचे मनोरे आले, गोदामांची उंच छपरे आली. उड्डाणमार्गातल्या वाहिन्या जमिनीखालून न्यायचा खर्च विमानतळाच्या अंदाजपत्रकात आत्ताच धरला नाही, तर तो पुढे महावितरण आणि विमानतळ यांच्या पत्रव्यवहारात वर्षानुवर्षे पडून राहील.

पक्ष्यांचेही तसेच. विमान नियम, १९३७ मध्ये विमानतळाच्या दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि पक्षी जमतील अशा रीतीने जनावरे कापायला मनाई आहे. रत्नागिरी शहर जवळपास सगळेच या दहा किलोमीटरांत येते. शहराचा कचरा कुठे न्यायचा हा इथला जुना वाद. मिरकरवाड्याचे बंदर, मासळीचा लिलाव, वाळवण, त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी आणि कुरव पक्षी हे या गावाचे जगणे आहे. ते थांबवा असे कुणी म्हणू नये. पण माशांची आतडी आणि खराब मासळी बंदिस्त जागी नेण्याची सोय झाली तर बंदर स्वच्छ होईल आणि आकाशही मोकळे राहील. विमानतळाच्या निमित्ताने मिरकरवाड्यावर हा खर्च झाला तर कोळी बांधवांना विमानातून काहीतरी हाती लागले असे होईल.

नियम नाहीत अशी स्थिती नाही. ३० सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेने विमानतळाभोवतीच्या बांधकामांच्या उंचीवर मर्यादा घातल्या, रंगीत विभागांचे नकाशे करायला सांगितले आणि ना-हरकत दाखला सक्तीचा केला. अहमदाबादनंतर आठवडाभरातच केंद्राने अडथळे पाडण्याच्या नव्या नियमांचा मसुदा काढला. तरी मुंबईत काय घडले ते आठवा. विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या उंचीपेक्षा वर गेलेल्या ४८ इमारतींचे जादा मजले पाडा, असे मुंबई उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना सांगावे लागले. त्या मजल्यांवर माणसे राहत होती. कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाला, तुमच्या डोक्यावरचे छप्पर विमानाच्या वाटेत आहे, असे इतक्या वर्षांनी सांगणे हा क्रूरपणा आहे. पाडकामाचा आदेश ही व्यवस्थेच्या अपयशाची कबुली असते. बांधायच्या आधी नाही म्हणणे हेच खरे संरक्षण.

आणि रत्नागिरीत नाही म्हणायला अजून वेळ आहे. विमानतळ येणार म्हटल्यावर आसपासच्या जमिनींना भाव चढतो. ‘विमानतळाजवळ एनए प्लॉट’ अशा जाहिराती मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांपर्यंत पोचतात. निवृत्तीच्या पैशातून गावाकडे घर बांधू पाहणाऱ्या माणसाला कोणी सांगत नाही की हा गट उड्डाणमार्गाच्या तोंडावर आहे आणि इथे एक मजलाही कदाचित बांधता येणार नाही. म्हणून आमची मागणी अशी की उड्डाणमार्गात येणाऱ्या प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, उंचीच्या मर्यादेची नोंद व्हावी. मग खरेदी करणाऱ्याला फसवता येणार नाही आणि अधिकाऱ्याला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. रंगीत नकाशा मराठीत, गटक्रमांकांसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. ना-हरकत दाखल्यासाठी नागरी विमानतळाला एक दार आणि संरक्षण दलाच्या विमानतळाला दुसरे, अशी नियमांची रचना आहे. रत्नागिरीत तटरक्षक दल आणि प्रवासी वाहतूक एकाच धावपट्टीवर नांदणार, तेव्हा सामान्य माणसाला एकच दार दाखवणे ही जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट मोबदल्याची आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. जमीन संपादन झाली तर शेतकऱ्याला पैसे मिळतात. उड्डाणमार्गात पडली पण संपादन झाली नाही, तर जमीन त्याच्या नावावर राहते, तिचा भाव पडतो आणि हातात काहीच येत नाही. शेजारच्या गटातला माणूस प्लॉट विकून श्रीमंत होतो, हा बघत राहतो. अशा माणसाकडून नियम पाळण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो चोरून बांधील, कोणीतरी त्याला चोरून परवानगी देईल, आणि वीस वर्षांनी तिथे वाडी उभी असेल. टोकापुढच्या पहिल्या पट्ट्यातली जमीन सरकारने सरळ विकत घ्यावी. त्यापुढच्या पट्ट्यात शेती चालू राहावी, पण उंचीच्या निर्बंधापोटी वार्षिक रक्कम द्यावी. काजू, करवंद, बुटकी कलमे, गवत, नाचणी हे सगळे तिथे होऊ शकते. घर, शाळा, मंगल कार्यालय आणि पेट्रोल पंप होऊ शकत नाही.

हा खर्च प्रवासी इमारतीच्या काचांपेक्षा कमी दिसतो आणि फीत कापायलाही त्यात काही नसते, म्हणून तो मागे पडतो. लोकप्रतिनिधींनी तो पुढे आणावा. पहिल्या उड्डाणाची तारीख जाहीर होण्याआधी दोन्ही टोकांपुढच्या तीन किलोमीटरांतली झाडे, घरे, तारा, मनोरे, रस्ते यांची यादी उंचीसह प्रसिद्ध व्हावी आणि दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा तपासली जावी. मिरजोळे आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी यासाठी कुणाची वाट पाहू नये. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि नकाशा घेऊन हजर राहण्यासाठी विमानतळाच्या, महावितरणच्या आणि भूमी अभिलेखच्या अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्यावे.